लोटो शिकताय? कुलपापेक्षा "शून्य झालंय का" हे जास्त बघा

लोटो म्हणजे लॉकआउट-टॅगआउट: दुरुस्तीआधी मशीनची सगळी एनर्जी तोडून, कुलूप आणि टॅग लावून ती शून्यावरच ठेवायची. मेंटेनन्सला नवीन लागलं की हातात एक लाल कुलूप, चावी आणि टॅग देतात, आणि बऱ्याच पोरांना वाटतं ब्रेकर पाडला, कुलूप मारलं, झालं लोटो. अरे, तो तर सगळ्यात सोपा भाग!

आधी मशीनला एनर्जी कुठून कुठून येते ते शोधा. करंट तर आहेच, पण हवा, हायड्रॉलिक, स्टीम, वर उचलून ठेवलेलं वजन, दाबलेली स्प्रिंग हे पण धरायचं. कधीकधी मेन आयसोलेटर (सप्लाय तोडणारा मुख्य स्विच) बंद असतो आणि पॅनलमध्ये कंट्रोल सप्लाय दुसऱ्याच फीडरवरून आलेला असतो, त्यामुळे सीनियर "बंद आहे रे" म्हणाला तरी ड्रॉइंग उघडाच. आणि इमर्जन्सी स्टॉप दाबून आत हात घालणारे अजूनही भेटतात, काय बोलायचं! त्याने फारतर कॉन्टॅक्टर (मोटर जोडणारा-तोडणारा स्विच) पडतो, मागची लाइन जिवंतच असते.

आता साठलेली एनर्जी, माझ्या मते नवीन माणूस इथेच फसतो. व्हीएफडीची (मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) सप्लाय काढली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये व्होल्टेज राहतं, किती मिनिटं थांबायचं ते ड्राइव्हवर लिहिलेलं असतं, तेवढं थांबायचं आणि तरीही मोजायचं. हायड्रॉलिकचा अ‍ॅक्युम्युलेटर पंप बंद झाल्यावरही प्रेशर धरून बसतो, तो ब्लीड करा (प्रेशर सोडून द्या), आणि नुसत्या गेजवर विश्वास नको, काटा अडकलेला पण असू शकतो. प्रेसची स्लाइड वर असेल तर सेफ्टी ब्लॉक (स्लाइडला खालून भक्कम टेकू) लावल्याशिवाय खाली हात नाही म्हणजे नाही.

मग तपासणी. मीटर आधी चालू लाइनवर लावून बघा, मग आपल्या सर्किटवर फेज-फेज आणि फेज-अर्थ, मग परत चालू लाइनवर, कारण मधेच मीटर गेला तर तो शून्यच दाखवणार. जवळ कोणी नाही ना हे बघून स्टार्ट बटण दाबायचं, मशीन हललं नाही की स्विच परत ऑफला.

टीम असेल तर हॅस्प (एकाच जागी बरीच कुलपं लावता येणारी पकड) लावून प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप, हेल्परचं सुद्धा, आणि चावी आपल्याच खिशात. टॅगवर नाव, तारीख, कारण लिहा, पण नुसता टॅग कोणाला अडवत नाही, तो फक्त सांगतो. शिफ्ट बदलताना येणाऱ्याने आधी आपलं कुलूप लावायचं, मगच जाणाऱ्याने काढायचं.

कोणी कुलूप तसंच ठेवून घरी गेला तर कटर उचलू नका, ते सुपरवायझरचं काम. तो माणूस साइटवर नाही ना हे आधी पक्कं करायचं, त्याला फोन लावायचा, मशीन मोकळं आहे का बघायचं, आणि दुसऱ्या दिवशी तो कामाला लागायच्या आत त्याला सांगायचं की बाबा, तुझं कुलूप काढलंय.