पतसंस्थेसाठी एक कोटी व्यवहारांचा कृत्रिम डेटा कसा तयार करायचा

पोस्टग्रेस या डेटाबेससोबत येणारं पीजीबेंच हे साधन स्केल 100 देऊन चालवलं की एक कोटी खाती तयार होतात. पण प्रत्येक खात्याची शिल्लक शून्य, आणि खातेदाराला नावच नाही. डेटाबेसचा वेग मोजायला एवढं पुरतं. सॉफ्टवेअर तपासायला यातलं जवळजवळ काहीच कामाला येत नाही, कारण चुका ओळींच्या संख्येपेक्षा ओळींमधल्या नात्यांत जास्त दडलेल्या असतात. टेस्टिंगमध्ये नव्याने आलेल्यांनी हे आधी समजून घ्यावं, लायब्ररी कुठली वापरायची ते नंतर.

उदाहरणाला सहकारी पतसंस्थेचं सॉफ्टवेअर घेऊ. सभासद, बचत खाती, मुदत ठेवी, कर्ज आणि रोज दुकानोदुकानी फिरून छोट्या बचती गोळा करणारे पिग्मी एजंट. सुरुवात कागदावर आकडा मांडून करा. समजा एक लाख सभासद आणि 20,000 पिग्मी खाती आहेत. वर्षाचे 300 दिवस वसुली आणि त्यातले दोन तृतीयांश दिवस प्रत्यक्ष भरणा धरला, तर वर्षाला 40 लाख नोंदी होतात. म्हणजे अडीच वर्षांत एक कोटी. नोंद सरासरी 150 बाइटची धरली तर दीड जीबी, इंडेक्स (शोध वेगवान करणाऱ्या सूची) वेगळे. आता 'एक कोटी' हा आकडा कुठून आला ते सांगता येतं. क्लायंटने विचारलं तर उत्तर तयार असतं.

मग टेबलांचा क्रम: शाखा, एजंट, सभासद, खाती आणि शेवटी व्यवहार. आईबाप आधी, लेकरं नंतर. उलटं केलं तर फॉरेन की (एका टेबलाची ओळ दुसऱ्यातल्या ओळीशी बांधणारा नियम) अडवते, आणि ती बंद करून डेटा भरला तर मालक नसलेली खाती आत शिरतात.

नवशिक्यांचा पाय सर्वांत जास्त इथे घसरतो: सगळं सारखं वाटलं जातं. 60 एजंटांना 20,000 खाती साध्या रँडमने वाटली, तर प्रत्येकाकडे 333 च्या आसपास येतात, आणि बहुतेकांचा आकडा 300 ते 370 मध्येच राहतो. खऱ्या संस्थेत बाजारपेठेतल्या जुन्या एजंटकडे नऊशे खाती असतात, नव्याकडे चाळीस. एजंटच्या मोबाइल अ‍ॅपचं सिंक अडकतं ते नऊशेवाल्याकडे, आणि तुमच्या डेटात तो एजंटच नसतो. म्हणून वाटप झिप्फ किंवा लॉगनॉर्मल पद्धतीने करा, म्हणजे थोड्यांकडे खूप आणि बाकीच्यांकडे कमी येतं; पायथॉनच्या नमपाय या लायब्ररीत दोन्ही तयार आहेत. काही एजंटांकडे मुद्दाम शून्य खाती ठेवा. शून्याने भागाकार होणारे रिपोर्ट तिथेच सापडतात.

रकमांचंही तसंच. पिग्मीचा भरणा 137.42 रुपये कधीच नसतो. 50, 100, 200, 500 असे ठरावीक आकडे वजन देऊन निवडा. व्याजाच्या नोंदीत मात्र पैसे येऊ द्या, आणि ते दशांश प्रकारात ठेवा. फ्लोट (अपूर्णांक अंदाजे साठवणारा प्रकार) वापरला तर लाखो ओळींच्या बेरजेत फरक पडू शकतो. मग चूक सॉफ्टवेअरची की डेटाची, यात दिवस जातो.

शिल्लक हा कॉलम कधीही स्वतंत्रपणे रँडम भरू नका, ही या कामातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. एका खात्याचे व्यवहार तारखेच्या क्रमाने तयार करा, चालती बेरीज ठेवा आणि पैसे काढण्याची रक्कम त्या क्षणीच्या शिल्लकीशी ताडून ठरवा. तसं केलं नाही तर बचत खातं उणे 8,000 दाखवतं, तेरीज (सगळ्या खात्यांच्या नावे-जमा बेरजांचा ताळा) जुळत नाही आणि टेस्टर अस्तित्वात नसलेला बग नोंदवून मोकळा होतो. प्रत्येक व्हाउचरची नावे आणि जमा बाजू जुळलीच पाहिजे.

तारखांकडेही बारकाईने बघा. खातं उघडल्याची तारीख सभासद झाल्यानंतरची हवी, आणि बंद झालेल्या खात्यावर पुढे व्यवहार नको. रविवारी वसुली कमी आणि दिवाळीच्या आधी पैसे काढण्याची गर्दी दाखवा. 29 फेब्रुवारी 2024 ला सुरू झालेली एक वर्षाची ठेव नक्की घाला, तिची मुदत कधी संपते हे सॉफ्टवेअरला सांगता आलं पाहिजे. आणि एक नोंद 1 एप्रिलच्या रात्री 12 वाजून 10 मिनिटांनी टाका. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर असेल तर ती 31 मार्च, संध्याकाळी 6.40 अशी साठते. वेळ परत भारतीय न करता तारीख काढणारा रिपोर्ट तिला मागच्या आर्थिक वर्षात ढकलतो. ही एक ओळ हजार रँडम ओळींपेक्षा जास्त शिकवते.

नावांसाठी फेकर ही खोटी नावं-पत्ते तयार करणारी लायब्ररी सगळे वापरतात. तिचा भारतीय इंग्रजी संच मात्र देशभरातली नावं आणि आडनावं एकत्र मिसळतो, त्यामुळे सांगली-साताऱ्याच्या संस्थेची सभासद यादी पटत नाही. त्यापेक्षा स्वतःची यादी करा: 300 नावं, 300 वडिलांची नावं, 400 आडनावं. एवढ्यातून 3 कोटी 60 लाख जोड्या होतात. पाटील, जाधव, शिंदे, पवार यांना जास्त वजन द्या. जोड्या एकमेव ठेवण्याचा हट्ट नको. एकाच गावात एकाच नावाचे चार सभासद असणं ही रोजची गोष्ट आहे, आणि शोधाची खरी परीक्षा तिथेच होते.

देवनागरी नावं घालायलाच हवीत. 'ज्ञानेश्वर' डोळ्यांना चार अक्षरांचं दिसतं, युनिकोडमध्ये ते 10 चिन्हांचं आहे आणि यूटीएफ-8 या साठवणीच्या पद्धतीत 30 बाइट घेतं. ओरॅकल डेटाबेसमध्ये कॉलमची लांबी मुळात बाइटमध्ये मोजली जाते, म्हणजे 20 लांबीच्या कॉलमात हे नाव मावणारच नाही. 'कुऱ्हाडे'सारखं आडनाव आणखी अवघड. त्यातला ऱ्ह कुणी 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह वापरून टाइप करतं, कुणी 'र'ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधात एक सापडतो आणि दुसरा नाही. दोन्ही प्रकार डेटात ठेवा.

ओळख क्रमांकांत खबरदारी घ्या. आधारचा बारावा अंक व्हरहॉफ पद्धतीचा पडताळा अंक असतो, म्हणजे आधीच्या अकरा अंकांवरून काढलेला. तो बरोबर बसवून क्रमांक तयार केला, तर तो एखाद्या खऱ्या माणसाचा निघू शकतो. आधार 0 किंवा 1 ने सुरू होत नाही, म्हणून तसेच क्रमांक वापरा आणि टेस्टच्या सेटिंगमध्ये तेवढी तपासणी सैल करा. ईमेलसाठी एक्झाम्पल डॉट कॉम हे डोमेन 1999 पासून अशाच कामासाठी राखीव आहे. मोबाइल क्रमांक कसेही असोत, एसएमएसची जोडणी आधी बंद करा. हप्ता थकल्याचा मेसेज अनोळखी माणसाला गेला तर त्याचा मनस्ताप खरा असतो.

'खरा डेटा घेऊन नावं बदलू' हा सल्ला हमखास मिळेल. जन्मतारीख, पिनकोड आणि लिंग तसंच राहिलं तर छोट्या गावात माणूस लगेच ओळखू येतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तर हा मोह टाळाच. खऱ्या डेटातून फक्त प्रमाणं घ्या: किती टक्के खाती निष्क्रिय, एजंटमागे खाती किती.

भरण्याची पद्धत थोडक्यात. फेकरने एकेक नाव एक कोटी वेळा मागू नका, ते फार हळू चालतं. नावांचा साठा एकदाच करा आणि नमपायने त्यातून उचला. पोस्टग्रेसमध्ये एकेक ओळ घालणाऱ्या इन्सर्टऐवजी सगळ्या ओळी एकदम भरणारी कॉपी ही आज्ञा वापरा. इंडेक्स आधी काढा, भरणं संपल्यावर बांधा, मग टेबलांची आकडेवारी ताजी करणारं अ‍ॅनलाइझ चालवा; नाहीतर प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) जुन्या अंदाजावर क्वेरी चालवतो आणि वेगाचे आकडे फसवे येतात. आयडी स्वतः दिले असतील तर सिक्वेन्स (पुढचा आयडी देणारा मोजक) पुढे सरकवा. विसरलात तर अ‍ॅपमधून पहिलाच नवा सभासद घालताना डुप्लिकेट कीची चूक येते. आधी हजार ओळी, मग लाख, मग कोटी.

सीड (रँडम आकडे दर वेळी तेच यावेत म्हणून दिलेला सुरुवातीचा आकडा) ठरवून ठेवा आणि फेकरची आवृत्तीही पक्की करा, कारण आवृत्ती बदलली की तोच सीड वेगळी नावं देऊ शकतो. स्क्रिप्टमध्ये 'आज' ही तारीखही बाहेरून द्या.

डेमोचा डेटा मात्र वेगळा करा. तिथे कोटी ओळी लागत नाहीत. पंधरा-वीस सभासद हाताने रचा: एक नियमित भरणारा दुकानदार, एक थकीत कर्जदार, एक जामीनदार, मुदत संपत आलेली एक ठेव. तारखा आजपासून मागे मोजलेल्या असाव्यात, नाहीतर तीन महिन्यांनी तोच डेमो उघडल्यावर सगळी कर्जं थकीत दिसतात. 'टेस्ट 1', 'एबीसी' अशी नावं एकही नको. संचालक मंडळाची नजर आधी तिथेच जाते.

डेटा दुसऱ्यांच्या हाती देण्यापूर्वी तीन क्वेरी चालवा: खात्याची शिल्लक व्यवहारांच्या बेरजेशी जुळत नाही अशी खाती किती, खातं उघडण्याआधीच्या तारखेचे व्यवहार किती, आणि एजंटनिहाय खात्यांचा सर्वांत मोठा व सर्वांत लहान आकडा काय. पहिल्या दोन्हींचं उत्तर शून्य यायला हवं. तिसऱ्यातले दोन आकडे जवळजवळ आले, तर वाटपाची पायरी पुन्हा करा.