एअर रायफलचा ग्रूप फाकतोय? दोष कोणत्या क्रमाने शोधावा

दहा मीटर एअर रायफलच्या कार्डावर दहाचा ठिपका जेमतेम ०.५ मिलिमीटरचा आणि नऊचे वर्तुळ ५.५ मिलिमीटरचे. पेलेट, म्हणजे शिशाचा छर्रा, स्वतःच ४.५ मिलिमीटरचे. त्यामुळे रायफलमधला केसाएवढा ढिलेपणाही लगेच गुणांत दिसतो. ग्रूप, म्हणजे कार्डावरच्या छिद्रांचा पुंजका, फाकला की नवे नेमबाज डायऑप्टरच्या (डोळ्याजवळच्या मागच्या साईटच्या) घुंड्या फिरवायला घेतात आणि तासाभराने आणखी गोंधळून बसतात. साईटने ग्रूपची फक्त जागा बदलते, तो लहान होत नाही. साईटला हात सगळ्यांत शेवटी लावा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

सुरुवात कार्ड वाचण्यापासून करा. छिद्रे उभ्या रेषेत पसरली असतील तर श्वास, पुढच्या हाताची जागा किंवा हवेचा दाब यांवर संशय घ्यावा. आडवी पसरली तर ट्रिगर बाजूला ओढला जातोय किंवा शरीराचा नैसर्गिक रोख (जोर न लावता रायफल जिकडे वळते ती दिशा) लक्ष्यावर नाही. उजवीकडे आणि किंचित खाली जाणारे शॉट बहुधा रायफल उजवीकडे कलल्याचे असतात. दोन वेगळे ग्रूप पडत असतील तर काहीतरी हलते आहे: साईट, बॅरलवरचे (नळीवरचे) वजन, नाहीतर चीकपीसवर (गाल टेकायच्या भागावर) ठेवलेला तुमचा गाल. चहूकडे विखुरलेली छिद्रे मात्र पेलेट, बॅरल किंवा ढिल्या स्क्रूकडे बोट दाखवतात. पावसाळ्यात आणखी एक भर: दमट हवेत कार्ड मऊ पडते, छिद्राच्या कडा फाटतात आणि ग्रूप आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. कार्डे हवाबंद डब्यात ठेवा.

आता रायफलचा दोष की नेमबाजाचा, हे वेगळे काढायचे. रायफल रिकामी असल्याची खात्री करून टेबलावर बसा. जुन्या जीन्सच्या पायात वाळू भरून शिवलेली पिशवी पुढच्या भागाखाली घ्या. टेकू लाकडी किंवा धातूच्या स्टॉकला (रायफलच्या दस्त्याला) द्यायचा, बॅरलला कधीच नाही. प्रत्येक कार्डावर पाच, अशी चार कार्डे मारा. बाहेरच्या कडांमधले सगळ्यांत मोठे अंतर मोजून त्यातून ४.५ वजा केले की छिद्रांच्या मध्यांमधले अंतर मिळते. चांगल्या मॅच रायफलचे बाहेरचे माप सहा-सात मिलिमीटरच्या आत यायला हवे. तसे आले तर रायफल निर्दोष आहे, खाली उभे राहून मारण्याच्या भागाकडे वळा.

ते मोठे आले तर स्क्रू तपासा. स्टॉकचे स्क्रू, डायऑप्टर बसवलेली पट्टी, फोरसाईटचा (पुढच्या साईटचा) टनेल आणि आतली रिंग, बॅरलची वजने, सगळे एकेक करून. स्टॉकचे स्क्रू मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कलाच (पिळाच्या जोरालाच) आवळावेत. अंदाजाने जास्त आवळले तर अ‍ॅक्शनवर (स्टॉकमध्ये बसणाऱ्या यंत्रणेवर) ताण येतो आणि ढिल्या स्क्रूइतकाच ग्रूप बिघडतो.

मग हवा. बहुतेक मॅच रायफलचे सिलिंडर २०० बारपर्यंत भरतात. दाब मॅन्युअलमधल्या किमान आकड्याच्या खाली गेला की पेलेटचा वेग घटतो आणि शॉट खाली उतरू लागतात. गेज वाचताना तापमान ध्यानात घ्या: भरताना तापून ४० अंशांवर गेलेले २०० बारचे सिलिंडर नाशिकच्या जानेवारीतल्या १० अंशांच्या पहाटे १८० च्या आसपास दाखवते. ती गळती नव्हे. भरायची हवा कोरडी आणि गाळलेलीच हवी. ओलावा आत गेला की रेग्युलेटर, म्हणजे प्रत्येक शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग, गंजतो. ऑक्सिजन कधीही भरू नका, तेल-ग्रीसशी संपर्क येऊन स्फोट होऊ शकतो. सिलिंडरची मुदत संपली असेल तर ते बाजूला काढा. रेग्युलेटर घरी उघडू नका, ते आर्मररचेच (शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याचेच) काम.

पेलेटवर सगळ्यांत जास्त वेळ घालवावा, कारण इथेच सर्वाधिक फरक पडतो आणि इथेच लोक घाई करतात. एकाच कंपनीच्या पेलेटचे डोके ४.४९, ४.५०, ४.५१ अशा मापांत मिळते, आणि कोणत्या बॅरलला कोणते मानवेल हे मारून पाहिल्याशिवाय कळत नाही. रायफलसाठी साधारण ०.५३ ग्रॅमचे घ्या. प्रत्येक मापाची, शक्य असेल तर वेगवेगळ्या बॅचची, चार-चार कार्डे टेबलावरून मारा आणि जमेल ती बॅच एकदम जास्त घेऊन ठेवा. पुढची बॅच तशीच असेल याची खात्री नसते. पेलेटची मागची झालर शिशाची, मऊ असते. डबा पडला तरी ती चेपते. चेपलेले पेलेट सरावालाही वापरू नका. डबा कोरड्या जागी ठेवा, पावसाळ्यात शिशावर पांढरट थर चढतो. नेमबाजीनंतर हात साबणाने धुवा.

बॅरल साफ करायला ४.५ मिलिमीटरचे फेल्ट (नमद्याचे बोळे) वापरा, दिशा ब्रीचकडून (पेलेट भरायच्या टोकाकडून) तोंडाकडे. लोखंडी रॉडने आतल्या पिळदार खाचा खराब होतात. बॅरलच्या टोकाच्या कडेवर कापूस गोल फिरवा. धागे अडकले तर तिथे कड खरखरीत झाली आहे आणि काम आर्मररकडे जाते. सफाईनंतरचे पहिले दहा-वीस शॉट मोजणीत धरू नका.

स्प्रिंगची, बॅरल मोडून भरायची रायफल असेल तर नियम थोडे वेगळे. ती घट्ट पकडली की ग्रूप फाकतो. तळहातावर सैल ठेवा आणि प्रत्येक वेळी एकाच जागी धरा. बॅरल बंद करून डावी-उजवीकडे हलवून पाहा, हलत असेल तर सांध्याचा बोल्ट तपासा. धूर किंवा जळका वास येत असेल तर तेल जास्त झाले आहे, आणि वेग शॉटगणिक बदलतोय.

टेबलावर ग्रूप नीट आणि उभे राहून फाकतो, असे असेल तर डोळे मिटून रायफल उचला, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. फोरसाईट बाजूला गेलेली दिसली तर हाताने ओढून आणू नका, पाय सरकवा. वीस ड्राय फायर (पेलेट न भरता ट्रिगर दाबणे) करून ट्रिगर सुटताना रिंग हलते का पाहा.

हे सगळे झाल्यावर ग्रूप एका जागी पडत असेल, तेव्हा साईटची घुंडी क्लिक (तिचे टकटक वाजणारे टप्पे) मोजून फिरवा आणि कार्डाच्या मागे तारीख, बॅच, दाब आणि क्लिकची संख्या लिहून ठेवा.