आजोबांच्या रॉजर्स चाकूचे अडकलेले पाते

आजोबांच्या ट्रंकेत मला इंग्लंडमधल्या शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स या कारखान्याचा घडीचा चाकू सापडला, तेव्हा त्याचे पाते इतके घट्ट बसले होते की नखाच्या खाचेत जोर लावताच नखच तुटले. पक्कड लावली असती, तर पात्यावर कायमचे ओरखडे उठले असते, म्हणून मी तो मोह टाळला.

पाते मुठीत जिथे खिळ्यावर फिरते तो सांधा आणि पाठीची पोलादी कमान (स्प्रिंग) या दोन ठिकाणी जुने तेल आणि गंज मिळून खळीसारखे घट्ट झाले होते. मी तिथे दातकोरणीच्या टोकाने शिवणयंत्राचे तेल थेंब थेंब सोडले. मूठ हाडाची असल्याने चाकू रॉकेलमध्ये बुडवला नाही. रोज तेल घालून मऊ कातडी पट्टीच्या आधाराने पाते किंचित हलवत राहिलो. चौथ्या दिवशी ते सुटले आणि सांध्यातून काळपट तांबूस चिखल बाहेर आला. तो निघेपर्यंत पाते पुन्हा पुन्हा उघडून मिटले आणि दर वेळी पुसले.

पात्याच्या बुडाशी तारा आणि माल्टीज क्रॉस (टोकांकडे रुंद होत जाणाऱ्या चार भुजांचा क्रूस) हे त्या कारखान्याचे प्रसिद्ध चिन्ह आता स्पष्ट दिसते. पॉलिश पेपरने ते झिजले असते, शिवाय कार्बन पोलादावर वर्षानुवर्षे चढलेली निळसर राखाडी छटाही गेली असती, आणि माझ्या मते जुन्या चाकूचे खरे सौंदर्य त्या छटेतच आहे. चाकू मिटताना कमानीचा जो खणखणीत आवाज होतो, तो आजोबांनीही ऐकला असेल.