इंग्रजी ‘टेक’ला (take) तुर्कीत काय म्हणतात?

भाषांतराच्या कामात तुर्की विभाग सांभाळायला लागल्यापासून नवीन मुलामुलींचा हा प्रश्न मला पाठ झाला आहे. माझं उत्तरही ठरलेलं असतं: कुठला ‘टेक’? फोटोचा, गोळीचा, परीक्षेचा, बसचा की निर्णयाचा?

दोष विचारणाऱ्यांचा नाही. तुर्की शिकायची म्हणजे पुस्तक इंग्रजीत, ॲप इंग्रजीत, यूट्यूबवरचे मास्तरही इंग्रजीतच समजावणारे. मग वहीत डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे तुर्की आणि मध्ये बरोबरचं चिन्ह. ‘टेक’समोर एकदा ‘आल्माक’ लिहिलं की पुढचं पान. खरं तर मराठी माणसाला तुर्कीकडे जायला इंग्रजीपेक्षा जवळचा रस्ता आहे आणि तो घरातूनच जातो. (उच्चार देवनागरीत जमतील तितके जवळचे लिहिले आहेत. शेवटचं ‘-माक’ किंवा ‘-मेक’ म्हणजे आपलं ‘-णे’.)

आल्माक म्हणजे घेणे. इथपर्यंत वही बरोबर आहे. पण मराठीत आपण ‘घेणे’ जिथे जिथे वापरतो, तिथे आल्माक किती ठिकाणी चपखल बसतो ते बघा. श्वास घेणे, नेफेस आल्माक. परवानगी घेणे, इझिन आल्माक. आणि हाच इझिन ऑफिसात रजा होतो, जशी आपली रजा परवानगीही असते आणि सुट्टीही. कुणाला स्टेशनवरून आणायचं असेल तर आपण म्हणतो ‘मला घ्यायला ये’. तुर्की म्हणतो ‘बेनी आल्माया गेल’, शब्दाला शब्द तेच. शब्द देणे म्हणजे वचन देणे, तिकडेही स्योझ वेर्मेक, स्योझ म्हणजे शब्द आणि वेर्मेक म्हणजे देणे. बाजारहाटाला तुर्कीत आलशवेरिश म्हणतात, म्हणजे सरळसरळ घेणं-देणं.

सगळ्यात मजा खरेदीची. भाजी घेतली म्हणजे खरेदी केली, हे मराठीत वेगळं सांगावं लागत नाही. तुर्कीतही नुसतं आल्माक पुरतं. पण खुलासा हवा असेल तर आपण ‘विकत घेतली’ म्हणतो; विकणाऱ्याची क्रिया आणि घेणाऱ्याची क्रिया एकाच दमात. तुर्कीत नेमकं हेच आहे: सातन आल्माक. सात्माक म्हणजे विकणे, त्यातला सातन. दोन भाषांचा एकमेकींशी वंशाचा काडीचा संबंध नाही, एक इंडो-आर्यन, दुसरी तुर्की कुळातली. तरी ‘सातन आल्माक’ पाठ करायला मराठी मुलाला दुसऱ्यांदा वाचायची गरज पडू नये.

आता इंग्रजी ‘टेक’ जिथे वाट सोडतो तिथे या. इंग्रजीत परीक्षा ‘घेतो’ तो विद्यार्थी. मराठीत घेतात ते मास्तर. आपण देतो किंवा परीक्षेला बसतो. तुर्कीत विद्यार्थी परीक्षेत शिरतो: सनावा गिर्मेक. सनाव म्हणजे परीक्षा आणि मागचा ‘आ’ म्हणजे आपला ‘ला’. परीक्षेला, सनाव-आ. हा ‘आ’ नेहमी शब्दाबरोबरच पाठ करायचा. बस पकडायची तर ओतोब्युसे बिन्मेक, बिन्मेक म्हणजे चढणे, स्वार होणे. ‘ओतोब्युस-ए’, बसला; तोच ‘ला’, इथे फक्त ‘आ’चा ‘ए’ झाला. मराठी मुलं इथे हमखास ‘बसमध्ये’चा प्रत्यय लावून ‘ओतोब्युसते’ करतात, कारण आपण बसमध्ये बसतो. तुर्की ऐकणाऱ्याला तेव्हा तुम्ही बसमध्ये आधीच आहात आणि आतून आणखी कशावर तरी चढताय असं वाटतं. टॅक्सी मात्र धरायची: ताक्सी तुत्माक. आपणही रिक्षा पकडतोच की.

फोटोच्या बाबतीत इंग्रजी विसराच. आपण फोटो काढतो, तुर्की माणूस ओढतो: फोतोराफ चेक्मेक. आता चेक्मेकच्या मागे मराठी ‘काढणे’ लावून बघा. बँकेतून पैसे काढणे, पारा चेक्मेक. दाताच्या डॉक्टरने दात काढणे, दिश चेक्मेक. विहिरीतून पाणी काढणे, सु चेक्मेक. चिठ्ठी काढणे, कुरा चेक्मेक. इंग्रजीत या सगळ्यांना एकच क्रियापद पुरत नाही. मराठीत एक, तुर्कीत एक, आणि दोन्हीकडे त्याच त्या गोष्टींना. हे कळल्यावर पाच नोंदींच्या जागी एक उरते. फक्त बूट काढताना थांबा, ते चेक्मेक नाही, चकार्माक. अंगातलं, पायातलं काढायचं ते चकार्माक. (दात काढून हसणे तुर्कीत असं होत नाही, विचारू नका.) आणि मुलगा बापावर गेलाय हे सांगायचं तर पुन्हा चेक्मेक: बाबासना चेक्मिश. शेवटचा ‘-मिश’ म्हणजे बघून, ऐकून लागलेला अंदाज, आपल्या ‘गेलेला दिसतोय’ किंवा ‘आला म्हणे’सारखा. ही छटा इंग्रजीतून शिकवताना पुस्तकं पानंच्या पानं खर्च करतात.

लांब पल्ल्याच्या तुर्की बसमध्ये मुआविन नावाचा मदतनीस असतो. तो चहा देतो, हातावर कोलोन्या, म्हणजे सुगंधी कोलन, ओततो, आणि रस्त्यात विश्रांतीची जागा आली की सांगतो, यारम साअत मोला, अर्धा तास थांबा. हा मोला इंग्रजीत ‘घेतात’, तुर्कीत देतात: मोला वेर्मेक. निर्णयाचंही तसंच. आपण निर्णय घेतो, तुर्की माणूस बहुतेक वेळा देतो, कारार वेर्मेक. पण संचालक मंडळाने, समितीने ठराव करून निर्णय घेतला तर तिथे कारार आल्माक येतं. बातम्या किंवा कंपनीची पत्रं हाताळणार असाल तर हा फरक हातात असू द्या. वेळ ‘लागतो’ त्याला स्युर्मेक. ‘काळजी घे’ला ‘केन्दिने इयी बाक’, स्वतःकडे नीट बघ. त्यात घेणं कुठेच नाही.

मराठीवर डोळे मिटून विसंबायचं का? अजिबात नाही. जान म्हणजे जीव, वेर्मेक म्हणजे देणे. तुर्की बातमीत ‘हास्तानेदे जान वेर्दी’ वाचलंत तर त्याचा अर्थ रुग्णालयात मृत्यू झाला. ‘जीव दिला’ असं मराठीत लिहिलंत तर तुम्ही एका साध्या मृत्यूची आत्महत्या करून टाकली. फारसी-अरबीतून दोन्हीकडे आलेल्या शब्दांशी ओळख असते म्हणून जास्त सावध राहायचं. तिकडे झोर म्हणजे अवघड. तामाम म्हणजे ‘ठीक आहे’. मिसाफिर हा प्रवासी नाही, पाहुणा. इलाच हे औषध, आपल्या इलाजाचाच भाऊ. याउलट ‘चारे योक’ म्हणजे ‘चारा नाही’, तेही अगदी आपल्याच अर्थाने. ओळखीचा शब्द दिसला की आनंद होऊ द्या, पण शब्दकोश उघडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शब्दकोश म्हणजे तुर्की-तुर्की. सुरुवातीला झोंबतो, पण पर्याय नाही. तुर्क दिल कुरुमु ही भाषासंस्था 1932 साली तुर्की प्रजासत्ताकाचे संस्थापक अतातुर्क यांच्या पुढाकाराने स्थापन झाली; तिचा शब्दकोश संकेतस्थळावर फुकट बघता येतो. तिथे आल्माक किंवा चेक्मेक शोधा, अर्थांची लांबलचक रांग लागेल आणि बऱ्याच अर्थांखाली उदाहरणाचं वाक्य मिळेल. ते वाक्य वहीत उतरवा. माझ्या वहीत डावीकडे इंग्रजी शब्द नसतो, मराठी वाक्य असतं: ‘पाऊस पडेल म्हणून छत्री घेतली.’ उजवीकडे: ‘यामुर याअर दिये शेमसिये आल्दम.’ क्रम तोच, आणि ‘म्हणून’च्या जागी ‘दिये’, तोही ‘म्हणणे’ या क्रियापदातूनच आलेला. इंग्रजीतून हे वाक्य बांधायला गेलात तर उलटं-सुलटं करावं लागतं. बोलण्यातली लकबही जुळते. आपण चहाबिहा म्हणतो, ते चाय माय म्हणतात. पहिल्यांदा ऐकताना हसू येतं.

आणखी एक भानगड वेळेवर माहीत असलेली बरी. 1928 मध्ये लिपी बदलली आणि पुढे अरबी-फारसी शब्दांना पर्याय शोधायची मोठी मोहीम चालली. परिणामी जोड्या शिल्लक आहेत. उत्तराला जेवाप आणि यानत, परीक्षेला जुना इम्तिहान आणि आजचा सनाव. आपल्याकडे तारीख आणि दिनांक चालतात तसंच. बोलताना काहीही चालेल. ॲपचं भाषांतर करताना मात्र एका ॲपच्या आत एकच ठरवून शेवटपर्यंत तोच ठेवायचा.

आता कामाबद्दल स्पष्ट बोलते. तुर्की शिकून इंग्रजीतून तुर्कीत भाषांतर करून पोट भरेन, असं ठरवून येऊ नका. चांगल्या संस्था मातृभाषेत भाषांतर करणारा माणूसच घेतात, आणि ते योग्यच आहे. तुम्हाला मिळतं ते वेगळं: तुर्की भाषांतरकारांच्या कामाचं संयोजन, ॲपच्या तुर्की आवृत्तीची चाचणी, तुर्कीतून इंग्रजी-मराठीत भाषांतर, निर्यात करणाऱ्या कारखान्यांचा पत्रव्यवहार, पर्यटन. शिकायला दिल्लीत जामिया मिल्लिया इस्लामियामध्ये तुर्कीचं शिक्षण आहे. तुर्कस्तान सरकारची तुर्किये बुर्सलार ही शिष्यवृत्ती मिळाली तर पदवीच्या आधी साधारण वर्षभर भाषाच शिकवतात; अर्ज सहसा जानेवारी-फेब्रुवारीत भरतात. अंकारा विद्यापीठाचं तोमेर हे परदेशी लोकांना तुर्की शिकवणारं केंद्र 1984 पासून चालू आहे. पुण्या-मुंबईतले महिन्याभरात ‘फ्लुएंट’ करणारे क्लास मला पटत नाहीत. पैसे भरायच्या आधी निदान विचारा की ते विभक्ती केव्हा शिकवतात.

चाचणीच्या कामात ‘टेक’ची खरी कसोटी लागते. एक्सेलमध्ये ॲपमधल्या मजकुराच्या ओळी येतात त्या सुट्या. एका ओळीत एकच शब्द: ‘टेकन’. बाजूला स्क्रीनचं चित्र नाही, संदर्भ नाही. गोळ्यांची आठवण करून देणाऱ्या ॲपमधलं बटण असेल तर ‘इच्तिम’, प्यायलो. तुर्की माणूस गोळीही पितो. इथे आल्माक टाकलं तर घोटाळा होऊ शकतो, कारण ‘औषध घेतलं का?’ याचे मराठीत जसे दोन अर्थ निघतात, मेडिकलमधून आणलं का आणि पोटात गेलं का, तसेच तुर्कीतही निघतात. नाटकाच्या तिकिटांचं ॲप असेल तर ‘दोलु’, म्हणजे खुर्ची भरलेली. खातं उघडताना नाव आधीच कुणी घेतलेलं असेल तर ‘आलन्मश’. अशा वेळी अंदाजाने एक निवडून पुढे जाणारा माणूस मला नको असतो. ग्राहकाला प्रश्न पाठवायचा, तोही असा नाही की ‘कृपया संदर्भ द्यावा’. असा: ‘ही ओळ औषध, जागा की खात्याचं नाव, यांपैकी कशाबद्दल आहे? तिन्हींना तुर्कीत वेगळे शब्द लागतील.’ अशा प्रश्नाला उत्तर लवकर येतं.

बटणावर तुर्कीत सहसा एकेरी आज्ञार्थ येतो, ‘काय्देत’ म्हणजे जतन कर. सलग वाक्यात मात्र आदरार्थी रूप लागतं. आपल्याला बटणावरही ‘करा’ची सवय, म्हणून नवे परीक्षक काय्देतला चूक म्हणून लाल करतात. करू नका.

मग येतात रिकाम्या जागांच्या ओळी: ‘टेक मी टु’ आणि पुढे कंसातला शून्य, जिथे यंत्र शहराचं नाव भरणार. इझमिर असेल तर इझमिर-ए, अंकारा असेल तर अंकारा-या. प्रत्यय नावातल्या स्वरावर ठरतो आणि यंत्राला ते ठाऊक नसतं. अनुभवी तुर्की भाषांतरकार नावापुढे एक सामान्य नाम ठेवून प्रत्यय त्याला लावतात, ‘अमुक शेह्रिने’, म्हणजे अमुक शहराला. मराठीतही ‘पुणे’चं ‘पुण्याला’ होतं, म्हणून आपण ‘पुणे येथे’ लिहून सुटतो, युक्ती तीच. तपासताना अशी ओळ दिसली की आधी चार शहरांची नावं घालून मोठ्याने वाचा.

आणि अक्षरं तपासा. तुर्कीत ठिपक्याचा ‘इ’ आणि बिनठिपक्याचा ‘अ’सारखा स्वर ही दोन वेगळी अक्षरं आहेत, लहान रूपातही आणि मोठ्या रूपातही. ठिपक्याच्या छोट्या अक्षराचं मोठं रूप करतानाही ठिपका राहतो. इंग्रजीच्या नियमाने चालणारा प्रोग्रॅम तो खाऊन टाकतो, आणि उलट तुर्की सेटिंग असलेल्या संगणकावर इंग्रजी आज्ञांमध्ये नको तिथे ठिपका येऊन त्या जुळेनाशा होतात. म्हणून ॲप तपासायला घेताना मी पहिलं काम तेच करते: फोनची भाषा तुर्की करते, शीर्षकं मोठ्या अक्षरात कुठे कुठे येतात ते शोधते, आणि एकेक ठिपका बघून घेते.