करखात्याची फाइल हाती येते तेव्हा : गोव्यातल्या नव्या सरकारी वकिलांसाठी

सरकारी वकील म्हणून नेमणूक झाली की कराचे ब्रीफ, म्हणजे चालवायला दिलेले प्रकरण, शक्यतो दुसऱ्या कुणाकडे जावे, असे बहुतेकांना वाटते. एलएलबीला कराचा पेपर असतो, पण तो बराचसा आयकराभोवती फिरतो. राज्याच्या करांशी खरी गाठ पर्वरीला, हायकोर्टाच्या बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणयादीवरच पडते. मला मात्र वाटते की नव्या माणसाने हे काम मागून घ्यावे. आपल्या राज्यात खाण, हॉटेल, दारू आणि कॅसिनो हे सगळे कराच्या कक्षेत येतात. राज्यघटनेचा कस लागेल असा प्रश्न इथे साध्या वसुलीच्या नोटिशीतही निघू शकतो.

सुरुवात तारखेपासून करा. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला म्हणून आधीचे कायदे बासनात गेले नाहीत. गोवा मूल्यवर्धित कर कायदा, 2005 पेट्रोल, डिझेल आणि दारूच्या विक्रीला अजून लागू आहे. जे कायदे जीएसटीने रद्द केले, त्यांच्याखाली तोवर उभी राहिलेली देणी आणि चालू असलेल्या कारवाया गोवा जीएसटी कायद्याच्या कलम 174 ने शाबूत ठेवल्या. म्हणून लक्झरी टॅक्स किंवा एंट्री टॅक्सचे जुने प्रकरण तुमच्या टेबलावर आले तर दचकू नका. व्यवहार कोणत्या काळातला आहे, ते फाइलच्या पहिल्या पानावर लिहा आणि त्या दिवशी कायदा, दर व अधिसूचना काय होती ते राजपत्रातून काढा. आजच्या सुधारित प्रतीवरून जुने प्रकरण चालवू नका.

मग राज्यघटनेच्या अनुच्छेद 265 कडे या. कायद्याच्या अधिकाराशिवाय कर लावता किंवा वसूल करता येत नाही. गोविंद सरन गंगा सरन या 1985 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कराचे चार घटक सांगितले आहेत : कर कशावर, कोणाकडून, कोणत्या दराने आणि कोणत्या मूल्यावर. प्रत्येक ब्रीफ या चार प्रश्नांवर घासून पाहायची सवय लावा. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतली राज्यसूची, म्हणजे राज्याला कायदा करता येणाऱ्या विषयांची यादी, तर उशाशी ठेवावी. 25 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक मताने रॉयल्टी (खनिज काढण्यापोटी खाणचालक देतो ती रक्कम) हा कर नाही, आणि खनिज हक्कांवर कर लावण्याचा अधिकार राज्यांना आहे, असे ठरवले. डिचोली-सांग्याकडच्या खाणींचे वाद हाताळणाऱ्या वकिलाला तो निकाल पूर्ण वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. सारांश वाचून भागत नाही. असहमतीचे निकालपत्रही वाचा. प्रतिपक्षाचे मुद्दे तिथेच नीट बांधलेले सापडतात.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले ते सांगतो. करखात्याची बाजू बहुतेक वेळा आदेश लिहिला जातो त्या दिवशीच पक्की होते, किंवा ढासळते. मोहिंदर सिंग गिल या 1978 च्या निकालापासून न्यायालये सांगत आली आहेत की आदेश त्यात दिलेल्या कारणांवरच तपासला जाईल. मागाहून प्रतिज्ञापत्रात नवी कारणे घालून तो सावरता येणार नाही. सुनावणीची संधी नाकारली असेल, नोटिशीत एक मुद्दा आणि आदेशात दुसरा असेल, तर अपिलाची वाट मोकळी असूनही हायकोर्ट रिट याचिका, म्हणजे थेट तिथे केलेला घटनात्मक अर्ज, ऐकू शकते. अशा वेळी आपण कितीही अभ्यास करून उभे राहिलो तरी हाती फार काही उरत नाही.

म्हणून माझा आग्रह आहे की वकील आणि कर अधिकारी यांचे प्रशिक्षण एकत्र व्हावे. जुन्या गोव्यात एला येथे राज्याची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आहे. अशा ठिकाणी नावे झाकलेले जुने आदेश समोर ठेवून दोघांना एका टेबलाशी बसवावे. अधिकाऱ्याने हिशेबाच्या वह्या, ई-वे बिल (मालवाहतुकीची ऑनलाइन नोंद), रिटर्न कसे ताडून पाहतात ते शिकवावे. वकिलाने जीएसटी कायद्याच्या कलम 75(4) खाली सुनावणी का द्यावी लागते ते सांगावे. मला स्वतःला खूप काही शिकवले ते संध्याकाळी फाइल उलगडून बसलेल्या करखात्याच्या निरीक्षकांनी. व्यापारी सुनावणीत कोंकणीत बोलतो, नोंद इंग्रजीत होते. त्याचे म्हणणे नोंदीत नेमके उतरले आहे का, हे त्या निरीक्षकांनाच विचारावे लागते.

सवलतीच्या प्रकरणांत 2018 चा दिलीप कुमार निकाल हाताशी ठेवा : सवलतीची अधिसूचना संदिग्ध असेल तर अर्थ सरकारच्या बाजूने लागतो. पण कर आकारणाऱ्या कलमातच संदिग्धता असेल तर लाभ करदात्याला मिळतो. हा निकाल आपल्या बाजूचा म्हणून दाखवताना ही दुसरी बाजूही न्यायालयापुढे ठेवा.

मुदतींचा तक्ता वेगळा करा. जीएसटीत करदात्याला पहिल्या अपिलासाठी तीन महिने असतात. खात्याला स्वतःच्याच अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध जायचे तर सहा. दोन्हींत फार तर एक महिना वाढ मिळते. तेव्हा आदेश चुकीचा वाटला तर आयुक्तांना लेखी मत लगेच कळवा, आणि तो टिकणार नाही असे दिसले तर तेही तितक्याच स्पष्टपणे लिहा. मत देताना पान क्रमांक द्या, म्हणजे अधिकाऱ्याला तुमचे म्हणणे फाइलशी पडताळून पाहता येईल.