मूत्रपिंडावरचा क्लॅम्प आणि साताऱ्याची थंडी

एम.फार्म.ला इस्केमिया-रिपरफ्युजनवर, म्हणजे अवयवाचं रक्त अडून परत सुरू झालं की होणाऱ्या इजेवर, अँटिऑक्सिडंटचं काम घेतलं असेल तर थिअरी पाठ असेलच: रक्त अडलं की एटीपी (पेशीचं इंधन) तुटून हायपोझँथिन साचतं, रक्त परतलं की झँथिन ऑक्सिडेज हे एन्झाइम त्यातून सुपरऑक्साइड हा पेशींना इजा करणारा रेणू काढतं. मी आपटलो ते वेगळ्याच ठिकाणी.

आमचं कॉलेज साताऱ्याजवळ. डिसेंबरात सकाळी अजिंक्यतारा धुक्यात आणि ऑपरेशनचं स्टीलचं टेबल बर्फ. औषध ताजं बनवलेलं असायचं म्हणून मी औषधाचे रॅट सकाळी उरकायचो, कंट्रोल, म्हणजे बिनऔषधाचे, दुपारी, ऊन आल्यावर. यामागे दुसरं काही शास्त्र नव्हतं. क्लॅम्पआधी एन-ॲसिटिलसिस्टीन (माझं अँटिऑक्सिडंट औषध), मग दोन्ही मूत्रपिंडांना 30 मिनिटं क्लॅम्प, म्हणजे रक्त अडवणारा चिमटा. 24 तासांनी औषधाच्या ग्रुपचं क्रिएटिनिन (मूत्रपिंड बिघडलं की रक्तात वाढतं ते) जवळपास नॉर्मल! घरी कंदी पेढे नेले. गाईड म्हणाले, "छान आलंय, लिहायला घे." असल्या गाईडपेक्षा खडूस गाईड परवडला.

एकदा औषधाचे रॅट दुपारी घ्यावे लागले. क्रिएटिनिन कंट्रोलइतकंच!

भूल दिलेल्या रॅटला अंगातली ऊब राखता येत नाही. त्यात पोट उघडं, खाली गार स्टील. तापमान दोन-तीन अंश उतरलं तरी पेशींची ऑक्सिजनची भूक कमी होते आणि इजाही. प्रत्यारोपणाचं मूत्रपिंड बर्फात ठेवतात ते यासाठीच. माझे रॅट थंडीनं वाचवले होते.

तेव्हा गुदद्वारात प्रोब, खाली हीटिंग पॅड, 37 अंश. क्लॅम्प लावताना, मध्ये आणि काढताना आकडा लिहा. दोन्ही ग्रुप रोज मिसळून घ्या, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. सीनिअर गरम पाण्याची पिशवी सुचवतील. ती बघता बघता गार होते. पॅड नसेल तर त्या दिवशी ऑपरेशन करूच नका. क्लॅम्प काढल्यावर जांभळं मूत्रपिंड परत गुलाबी होतंय का तेही डोळ्यांनी बघा. झालं नाही तर तो रॅट वगळायचा, पण हा नियम आधीच लिहून ठेवलेला हवा.

औषध चाललं नाही म्हणून रडत बसू नका. अँजिओग्राफीच्या रंगद्रव्यापासून मूत्रपिंड वाचतं का, हे बघायला 2018 साली छापून आलेल्या चाचणीत सुमारे 5,000 रुग्ण होते. तिथेही ॲसिटिलसिस्टीनचा फायदा दिसला नाही. तुमचा थिसिस त्यानं अडत नाही.

माझा अडला तो प्राण्यांपायी. एथिक्स कमिटीकडे जादा रॅट मागताना कारणाच्या रकान्यात लिहावं लागलं: 'तापमान नोंदवलं नव्हतं.'