आवाज महिनाभर बसलाय? मग हे सर्दीचं दुखणं नाही

मी दादरला शाळेत शिकवते, वर्गात ६० मुलं आणि खिडकीखाली दिवसभर हॉर्न. गेल्या वर्षी आवाज बसला तो दोन महिने सुटेना, तोवर दोनदा अँटिबायोटिक्स, हळद-दूध, काढे सगळं झालं. म्हणून सांगते, साधा बसलेला घसा आठ-पंधरा दिवसांत सुटतो, ३ आठवडे झाले तरी घोगरेपणा तसाच असेल तर ती स्वरयंत्राची जुनी सूज असू शकते, आणि बहुतेक वेळा तिला जंतू कारण नसतात त्यामुळे अँटिबायोटिक्सचा उपयोगही होत नाही.

आधी कारण शोधा. बोलताना बाईचे स्वरतंतू (आवाज काढणाऱ्या घशातल्या पट्ट्या) सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांवर आपटतात, मग दिवसभर ओरडून काय होत असेल! सिगरेट, बांधकामाची धूळ, दम्याचा स्टेरॉइड पंप (ओढल्यावर चूळ भराच) हीपण कारणं आहेत. पण आपल्याकडे हमखास नजरेतून सुटणारं कारण म्हणजे अ‍ॅसिडिटी. छातीत जळजळ न होताही अ‍ॅसिड घशापर्यंत येतं. रात्री दहाला विरार लोकलमधून उतरायचं, अकराला जेवायचं आणि लगेच आडवं व्हायचं, मग सकाळी घसा खरखरतो, सारखं खाकरावंसं वाटतं. जेवण आणि झोप यात ३ तास ठेवा, नाही जमलं तर निदान रात्रीचं जेवण हलकं ठेवा आणि पलंगाची डोक्याकडची बाजू उचलून घ्या, नुसती उशी वाढवून भागत नाही.

खाकरणं बंद करा, त्याऐवजी घोटभर पाणी प्या. आणि कुजबुजू नका! मला वाटायचं कुजबुजलं की घशाला आराम, पण त्यानेही ताण पडतो. कमी बोला, हळू बोला, पण आवाजातच बोला.

४ आठवडे झाले की कान-नाक-घसा डॉक्टरांकडून दुर्बिणीने स्वरयंत्र बघून घ्या, केईएम, सायन, नायरला ओपीडी आहे. तंबाखू-सिगरेट असेल, थुंकीत रक्त, गिळताना त्रास, मानेला गाठ किंवा वजन उतरत असेल तर ४ आठवडेही थांबू नका, कॅन्सर किंवा स्वरयंत्राचा टीबी नाही ना हे बघावंच लागतं. श्वास घेताना घरघर आवाज येत असेल तर तडक कॅज्युअल्टी गाठा.

माझ्या दुर्बिणीत सूजच निघाली. पुढे स्पीच थेरपीत पोटातून श्वास घेऊन बोलायला शिकले, आता वर्ग गप्प करायला टाळी वाजवते.